शाहू ह्या नांवाची कुळकथा

साताऱ्याच्या गादीवरून अठराव्या शतकांत जीं राजपत्रें बाहेर पडलीं, त्यांवर दोन मुद्रा पाहावयास मिळतात. एक खुद्द छत्रपतींची आणि दुसरी त्यांच्या मुख्य प्रधानाची. प्रधानाच्या मुद्रेंत धन्याचें नांव ‘शाहू नरपति’ असें कोरलेलें आहे. छत्रपतींच्या स्वतःच्या मुद्रेंत मात्र ‘शाहू’ हीं दोन अक्षरें कोठेंच नाहींत. तेथें विष्णूच्या वामनमूर्तीची उपमा देऊन, ही मुद्रा शंभूच्या पुत्राची, शिवराजाची आहे, असें संस्कृतांत सांगितलें आहे. सेवक धन्याला एका नांवानें ओळखतो आणि धनी आपली ओळख दुसऱ्याच नांवानें करून देतो, हा प्रकार प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतो. परंतु दोन्ही मुद्रा खऱ्या आहेत आणि दोन्ही नांवें एकाच पुरुषाचीं आहेत. त्यांचा परस्परांशीं संबंध काय, आणि त्यांतलें ‘शाहू’ हें नांव आलें कोठून, ह्या प्रश्नांत मराठी राज्याच्या एका कठीण काळाचा इतिहास सांठविलेला आहे.

हा पुरुष म्हणजे संभाजी महाराज व येसूबाई यांचा पुत्र. त्याचा जन्म १८ मे १६८२ रोजीं माणगांवजवळच्या गांगवली येथें झाला. शिवाजी महाराज कैलासवासी होऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. साहजिकच नातवाचें नांव शिवाजी ठेवण्यांत आलें. पुढें १६८९ सालच्या मार्च महिन्यांत औरंगजेबानें संभाजी महाराजांचा वध करविला आणि नोव्हेंबरांत रायगड मोगलांच्या हातीं पडला. सात वर्षांचा हा मुलगा आईसह बादशहाच्या छावणींत नेण्यांत आला. त्याला ‘राजा’ हा किताब मिळाला आणि सात हजारांची मनसब मिळाली. म्हणजे मान राजाचा आणि स्थिति कैद्याची. त्या फिरत्या छावणींत त्याचें बालपण सरलें, तारुण्य उगवलें, आणि सुमारें अठरा वर्षें निघून गेलीं. छावणींत गेला तो शिवाजी. १७०७ सालीं बाहेर आला तो शाहू.

हा बदल कसा झाला, याची एक कथा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. शिवाजी हें नांव बादशहाच्या कानांना सहन होईना. ज्यानें त्याची झोंप उडविली, त्याचें नांव ह्या अजाण पोरानें धारण करावें, हें त्याला रुचेना. तेव्हां तो म्हणाला, कीं आजा चोर होता, हा नातू साव आहे. याला साव म्हणा. त्या ‘साव’चाच पुढें ‘शाहू’ झाला. १८१८ नंतर साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारीं इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून राहिलेला ग्रँट डफ यानें १८२६ सालीं आपला मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत ही व्युत्पत्ति नमूद झाली आणि कानोकानीं चालत आलेल्या गोष्टीला छापील पुस्तकाची प्रतिष्ठा मिळाली.

कथा गोड आहे. बादशहाच्या तोंडून मराठ्यांच्या राजाची वाखाणणी झाली, म्हणून ती मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. परंतु तिच्या पोटांत एक कांटा आहे. मराठींत साव हा शब्द एकटा क्वचितच फिरतो. त्याच्या मागें चोर उभा असतो. ‘सावाचा आव आणणें’ असें आपण म्हणतों, तेव्हां बोलणाराच्या मनांत खरा माणूस चोरच असतो. नातवाला साव म्हणून गौरवावयाचें, तर आजोबा चोर, हें बादशहाचें पहिलें वाक्य मुकाट्यानें मान्य करावें लागतें. ज्या पुरुषानें स्वराज्य स्थापिलें त्याला दिलेली शिवी आणि ज्यानें तें वाढविलें त्याला दिलेली शाबासकी, हीं एकाच वाक्याचीं दोन अंगें आहेत. शिवाय, ज्याच्या नांवाची द्वाही पुढें उत्तर हिंदुस्थानापर्यंत फिरली, त्याचें नांवच त्याला कैद करणारानें ठेविलें होतें, असेंहि ही कथा सांगते. म्हणून तिची शहानिशा करणें हें केवळ शब्दपंडितांचें काम राहत नाहीं.

प्रथम शब्दांचा विचार करावा. ‘साव’ हा शब्द घरचाच आहे. संस्कृत ‘साधु’ शब्दांतील ‘ध’चा प्राकृतांत ‘ह’ होऊन ‘साहु’ असें रूप झालें. ‘दधि’चें ‘दहीं’ आणि ‘बधिर’चा ‘बहिरा’ ज्या वाटेनें झाला, तीच ही वाट. साहु म्हणजे सज्जन, व्यवहाराला चोख असा माणूस; म्हणून तो शब्द व्यापाऱ्यांना चिकटला. उत्तरेकडे ‘साहू’ व ‘साह’ हीं व्यापारी कुळांचीं उपनांवें झालीं. मराठींत त्याच कुळांतला ‘सावकार’ आला, आणि ‘साव’ हा चोराच्या उलट अर्थाचा शब्द होऊन राहिला. ‘शाह’ हा शब्द मात्र फारसी आहे. त्याचा अर्थ राजा. प्राचीन इराणच्या शिलालेखांत त्याचें जुनें रूप आढळतें आणि संस्कृतांतील ‘क्षत्र’ शब्दाशीं त्याचें दूरचें नातें आहे. साधूपासून निघालेला साहु आणि इराणांतून आलेला शाह हे मुळांत एकमेकांचे कोणी लागत नाहींत. उच्चारानें ते जवळ आले, एवढेंच. बादशहाच्या विनोदाची सारी मौज ह्या उच्चारसाम्यावर उभी आहे. आणि असा विनोद करावयाचा, तर ज्यावर तो करावयाचा तें नांव आधीं कानावर असावें लागतें.

तें नांव भोसल्यांच्या घरांत होतें. ह्या मुलाच्या पणजोबांचें नांव शहाजी. परमानंद कवीनें आपल्या शिवभारतांत त्याची हकीकत दिली आहे. मालोजी भोसल्यांना मूल होत नव्हतें, म्हणून अहमदनगरच्या शाह शरीफ ह्या अवलियाला नवस बोलण्यांत आला. पुढें दोन पुत्र झाले. त्या सत्पुरुषाच्या नांवाचे दोन भाग करून थोरल्याला शहाजी आणि धाकट्याला शरीफजी अशीं नांवें देण्यांत आलीं. मराठी घरांतील मुलाचें नांव फारसी शब्दाचें कां, याचें उत्तर ह्या नवसांत आहे. त्या काळीं तसें करण्यांत कोणाला विटाळ वाटला नाहीं.

आतां ‘शहाजी’चा ‘शाहू’ होण्यास कांहीं अडचण आहे काय? मराठींत नांवाचें लाडकें रूप करतांना शेवटीं ‘ऊ’ लावण्याची रीत फार जुनी आहे. विठ्ठलाचा विठू होतो, दामोदराचा दामू होतो, रघुनाथाचा रघू होतो. आदराचा ‘जी’ काढून मायेचा ‘ऊ’ लावला, कीं शहाजीचा शाहू झालाच. हें केवळ तर्कानें म्हणावयाचें नाहीं. शहाजहान बादशहाचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें ‘पादशाहनामा’ लिहिला. निजामशाही वांचविण्यासाठीं मोगलांशीं लढून १६३६ सालीं माहुलीच्या किल्ल्यावर शरण आलेल्या शहाजी राजांचा उल्लेख ह्या फारसी ग्रंथांत ‘साहू भोसला’ असाच येतो. म्हणजे हें रूप औरंगजेबाच्या बापाच्या दरबारीं रुळलेलें होतें. पणजोबांना ज्या नांवानें मोगल ओळखत होते, त्याच नांवानें पणतू ओळखला जाऊं लागला. बादशहानें चोर आणि साव अशी कोटी केलीहि असेल. परंतु कोटी करावयाला शब्द त्याला भोसल्यांच्या घरानेंच पुरविला होता.

एकाच मुलाला दोन नांवें कशीं, ह्याचें कोडें मराठी घरांत वाढलेल्या माणसाला फारसें पडूं नये. गेलेल्या वडील माणसाचें नांव घरांत नव्यानें जन्मलेल्या मुलाला द्यावयाचें, ही आपल्याकडील सर्वसाधारण रूढि आहे. भोसल्यांच्या वंशवृक्षाकडे पाहिलें तरी ती दिसते. शहाजी राजांचा थोरला पुत्र संभाजी कर्नाटकांत लढाईंत पडला, आणि शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं झालेल्या आपल्या पहिल्या पुत्राचें नांव संभाजी ठेविलें. परंतु ह्या रूढीच्या शेजारींच दुसरी रूढि उभी असते. सासऱ्याचें नांव सुनेनें उच्चारावयाचें नाहीं. मग ज्या मुलाला आजोबांचें नांव दिलें, त्याला त्याच्या आईनें हांक कशी मारावी? त्यासाठीं घरचें वेगळें नांव लागतें. अशा मुलाला कोणी आबा म्हणतें, कोणी आप्पा, कोणी तात्या. आणि पुष्कळ वेळां हें हांकेचें नांवच जन्मभर टिकतें. पाळण्यांतलें नांव मग केवळ संकल्पाच्या आणि सहीच्या वेळीं बाहेर येतें.

ही रीत छत्रपतींच्याच घरची होती असें नाहीं. साताऱ्याहून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खालीं सांगलीस गेलें, म्हणजे पटवर्धनांच्या घराण्यांत ती तितकीच स्पष्ट दिसते. पटवर्धनांचें कुलदैवत गणपति, म्हणून त्यांचीं नांवेंहि गणपतीचीं. थेऊरचा गणपति तो चिंतामणि, आणि काशीचा तो धुंडिराज. १८०१ सालीं मिरजेच्या वांटणींतून निघून ज्यांनीं सांगली ही आपली राजधानी केली, आणि ज्यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, ते पहिले चिंतामणराव. ते १८५१ सालीं निवर्तले. त्यांच्यामागून धुंडिराव आले. धुंडिरावांच्या मागें १९०३ सालीं दत्तक घेतलेल्या मुलाचें नांव पुन्हां चिंतामणराव. पहिल्या चिंतामणरावांना लोक आप्पासाहेब म्हणत आणि दुसऱ्यांनाहि आप्पासाहेबच म्हणूं लागले. दत्तक आलेल्या मुलानें आजोबांचें दरबारी नांव घेतलें, आणि त्याबरोबर त्यांचें घरगुती नांवहि त्याच्याकडे आलें. दोन नांवें धारण करणें ही कृष्णाकांठची अशी नित्याची गोष्ट आहे.

तरीहि हांकेचें नांव राजाच्या प्रधानाच्या मुद्रेंत कोरलें जावें, ह्याला आणखी कारण हवें. तें कारण १७०७ सालीं निर्माण झालें. औरंगजेब मरण पावल्यावर त्याचा पुत्र आझमशहा यानें उत्तरेकडे जातां जातां माळव्यांत शाहूंची सुटका केली. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागें राहिल्या. त्या १७१९ सालीं परत आल्या. पंचवीस वर्षांचा हा तरुण दक्षिणेंत उतरला, तेव्हां मराठी गादीवर आधींच एक राजा बसलेला होता आणि त्याचें नांवहि शिवाजीच होतें. राजाराम महाराजांनीं व ताराबाईंनीं १६९६ सालीं झालेल्या आपल्या पुत्राला आजोबांचेंच नांव दिलें होतें, आणि राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर १७०० सालीं त्याला गादीवर बसविण्यांत आलें होतें. थोरल्या शिवाजी महाराजांचे दोन नातू, दोघेहि शिवाजी, दोघेहि एकाच गादीचे वारस! ज्या रूढीनें आजोबांची स्मृति जतन केली, तिनेंच हा पेंच निर्माण केला.

ताराबाईंच्या पक्षानें तर, आलेला पुरुष संभाजीपुत्र नव्हेच, तो तोतया आहे, असें जाहीर केलें. सात वर्षांचा असतां नाहींसा झालेला मुलगा अठरा वर्षांनीं कोणीं कसा ओळखावा? अशा वेळीं परसोजी भोसले यांनीं शाहूंच्या ताटांत त्यांच्यासह भोजन केलें. कुळाविषयीं संशय असता तर असा मानी सरदार पंक्तीला बसला नसता, हें सर्व जाणून होते, आणि त्या एका जेवणानें पुष्कळांची खात्री पटली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत भीमेच्या कांठीं खेडची लढाई झाली. ताराबाईंचे सेनापति धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले. १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला.

आतां त्या दोन मुद्रांचा अर्थ उलगडतो. दोन शिवाजींपैकीं हा कोणता, हें लोकांना रोजच्या बोलण्यांत सांगावयाचें तर ‘शाहू’ हेंच नांव सोईचें होतें. तें दुसऱ्या कोणाचें नव्हतें. म्हणून प्रधानानें तें मुद्रेंत घेतलें. राजाची स्वतःची मुद्रा मात्र हक्काची भाषा बोलते. तिच्यांत शिवराज हें नांव आहे, कारण तें पाळण्यांत मिळालेलें आहे आणि आजोबांचें आहे. परंतु केवळ शिवराज म्हणून भागत नव्हतें, कारण दुसरा शिवराजहि होता. तेथें ‘शंभूचा पुत्र’ हे शब्द उपयोगी पडले. राजारामाचा नव्हे, शंभूचा. धाकट्या पातीचा नव्हे, थोरल्या पातीचा. ज्याला तोतया म्हटलें गेलें, त्यानें आपल्या बापाचें नांव राजमुद्रेंत कोरून त्या आरोपाचें उत्तर दिलें.

परक्या भाषेंतला शब्द मुलाला नांव म्हणून मिळावा आणि पुढें तोच राजवंशाचें भूषण व्हावा, असा दाखला युरोपच्या अगदीं उत्तर टोंकालाहि आहे. नॉर्वेचा राजा ओलाफ ह्याला सुमारें १०२४ सालीं एका रात्रीं पुत्र झाला. मूल इतकें अशक्त होतें, कीं तें वांचेल असा भरंवसा कोणाला वाटेना; म्हणून त्याचा बाप्तिस्मा उरकण्याची घाई झाली. राजा झोंपला होता आणि त्याला उठविण्याची कोणाची छाती होईना. तेव्हां सिग्वात थॉर्डार्सन नांवाच्या दरबारी कवीनें स्वतःच्या जबाबदारीवर मुलाचें नांव मॅग्नस असें ठेविलें. सकाळीं राजा संतापला. असलें नांव आपल्या कुळांत नाहीं, असें तो म्हणाला. कवीनें उत्तर दिलें, कीं जगांतील सर्वश्रेष्ठ पुरुष जो सम्राट कार्ला-मॅग्नस, त्याच्यावरून हें नांव ठेविलें आहे. स्नोरी स्टुर्लुसन ह्या आइसलंडी इतिहासकारानें तेराव्या शतकांत ही गोष्ट लिहून ठेविली. ह्यांत मौज अशी, कीं त्या सम्राटाचें खरें नांव कार्ल. मॅग्नस हें त्याचें लॅटिन विशेषण, आणि त्याचा अर्थ नुसता ‘थोर’ किंवा ‘थोरला’ एवढाच. विशेषणाचें नांव झालें. तें मूल वांचलें, १०३५ सालीं राजा झालें, आणि ‘सज्जन मॅग्नस’ म्हणून प्रसिद्धीस आलें. पुढें नॉर्वेच्या गादीवर त्या नांवाचे एकंदर सात राजे झाले. तिकडेहि आजोबांचें नांव नातवाला देण्याची चाल होती, आणि माणसाची ओळख बापाच्या नांवानें पटविली जात असे. थॉर्डार्सन म्हणजे थॉर्डचा पुत्र, जसा शंभुसूनु म्हणजे शंभूचा पुत्र.

मॅग्नस ह्या शब्दाचा लॅटिन अर्थ मनांत आणून नॉर्वेंतील आईबाप मुलाचें नांव ठेवीत नसावेत. त्यांना आठवतो तो राजा. शाहू नांवाचेंहि तसेंच झालें. महाराजांनीं १७४९ सालापर्यंत राज्य केलें. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं त्यांनीं वसविलेलें नगर शाहूनगर म्हणून ओळखलें गेलें. ह्याच किल्ल्याला १७०० सालीं जिंकल्यावर मोगलांनीं आझमशहाच्या नांवावरून ‘आझमतारा’ म्हटलें होतें. तें नांव पुसलें गेलें, शाहूंचें टिकलें. १७३९ सालीं त्यांनीं स्वतः चालून जाऊन मिरज घेतली. नांवाला मोल आलें तें अशा कारकीर्दीमुळें. १७७७ सालीं साताऱ्याच्या गादीवर दत्तक आलेल्या मुलाचें नांव शाहूच ठेवण्यांत आलें, आणि म्हणून पहिल्यांना ‘थोरले शाहू महाराज’ म्हणण्याचा प्रघात पडला. मॅग्नसचा अर्थ अशा रीतीनें शाहूंच्याहि नांवामागें येऊन बसला.

सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. ताराबाईंच्या पक्षाकडून उभें राहिलेलें राज्य तें कोल्हापूरचें. १७३१ सालीं शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यांत वारणेचा तह झाला आणि वारणा नदी ही दोन्ही राज्यांची सीमा ठरली. आजहि सांगली व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांच्या मधून ती वाहते. त्या तहानंतर दीडशें वर्षांनीं, १७ मार्च १८८४ रोजीं, कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव हा नऊ वर्षांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. त्याला नवें नांव देण्यांत आलें तें शाहू! ज्या घराण्यानें एका शाहूंना तोतया म्हटलें होतें, त्यानें आपल्या वारसाला आनंदानें तेंच नांव दिलें. ह्या दुसऱ्या बाळानेंहि नांवाला आपला अर्थ जोडला. १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकरींतील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणारे राजर्षि शाहू ते हेच.

कोशांत पाहिलें, तर शाहू ह्या नांवाचा अर्थ एके ठिकाणीं राजा आणि दुसरे ठिकाणीं साव असा सांपडेल. पहिला अर्थ पणजोबांच्या नवसांतून आला आणि दुसरा बादशहाच्या तोंडीं घातला गेला. परंतु आज साताऱ्यास किंवा सांगलीस एखाद्या मुलाला शाहू म्हणून हांक मारली जाते, तेव्हां हांक मारणाराच्या मनांत फारसी शब्द नसतो आणि औरंगजेबहि नसतो. त्याच्या मनांत असतो तो छावणींतून परत आलेला आणि आपल्या बापाचें नांव न विसरलेला एक मुलगा.